बारा दिवस आणि यादीत आफ्रिकेतली सहा ठिकाणं: आधी किती सकाळी मिळतात ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेली आई, आफ्रिकेत पहिल्यांदाच. हातात बारा दिवस. रजा मे महिन्यात मिळेल किंवा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. यादीत केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, दक्षिण आफ्रिका या देशातलं क्रूगर, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा आणि डोंगरातले गोरिला. तुम्हाला प्राणी आणि फोटो हवेत, पत्नीला डोंगर, तळी, मोकळी क्षितिजं हवीत. ही सगळी ठिकाणं कुठल्या क्रमानं लावावीत, असं तुम्ही विचारलंय.

क्रम लावून देणारे पुष्कळ भेटतील. ही सहा ठिकाणं बारा दिवसांच्या कागदावर बसतात, आणि कुणी ना कुणी तो कागद तुम्हाला पाठवेलही. तुमची अडचण क्रमाची नाही. यातलं काय गाळायचं हा खरा प्रश्न आहे, आणि ते गाळताना कशाच्या आधारानं गाळायचं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी बरीच वर्षं छोटे गट घेऊन पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जातो. पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे, त्यामुळे मधूनमधून माझी आवडनिवड डोकावेल, ती ओळखून बाजूला ठेवा.

पहिली गोष्ट: सफारीचा हिशेब दिवसांत करू नका, सकाळींत करा. फटफटल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत जे दिसतं त्याची सर दुपारला येत नाही. रात्रीची शिकार अजून खाऊन संपलेली नसते, तरसं बिळाकडे परतत असतात, हत्ती पाण्याच्या वाटेला लागलेले असतात, आणि उजेड तिरपा असतो. ऊन चढलं की सिंह झुडपाखाली आडवा होतो. तो तसाही दिवसातले १८ ते २० तास लोळत काढतो, त्यामुळे उशिरा पोहोचणाऱ्याला त्याचं पोट आणि चार पंजे एवढंच दिसतं. संध्याकाळचे शेवटचे दोन तास पुन्हा बरे. आता एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सामान बांधायचं, नाश्ता उरकायचा, हिशेब चुकता करायचा आणि निघायचं. ती सकाळ गेली.

तुमचे बारा दिवस म्हणजे ११ रात्री. उतरल्यावरची एक आणि परतीच्या विमानाआधीची एक शहरात जाते. उरल्या ९. त्या सहा ठिकाणांत वाटल्या तर तीन ठिकाणी दोन-दोन रात्री आणि तीन ठिकाणी एकेक. जिथे एकच रात्र तिथे पूर्ण सकाळ एकही नाही, जिथे दोन रात्री तिथे एक. म्हणजे अख्ख्या सहलीत जंगलातल्या तीन सकाळी. त्याच ९ रात्री तीन ठिकाणी काढल्या तर सहा सकाळी हाती लागतात. दोन ठिकाणी काढल्या तर सात. तीनवरून दोनवर आल्यानं फक्त एका सकाळची भर पडते, म्हणून पहिल्या सहलीला मी तीन ठिकाणं सांगतो. फोटो हेच एकमेव ध्येय असेल तर दोनच घ्या, पण तुमच्या घरात तशी एकवाक्यता दिसत नाही.

एकाच जंगलात दुसरी-तिसरी सकाळ कशाला, हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. केनियातल्या अंबोसेलीचं उदाहरण घ्या. तिथले हत्ती सकाळी कोरड्या रानातून मधल्या दलदलींकडे चालत येतात आणि संध्याकाळी परत फिरतात. पहिल्या दिवशी तुम्ही कळप दिसला तिथे गाडी थांबवता. दुसऱ्या दिवशी तुमच्या गाईडला ठाऊक असतं की कुठला कळप कुठून रस्ता ओलांडतो, आणि तो आधीच योग्य बाजूला, उजेड पाठीशी घेऊन, इंजिन बंद करून बसतो. हत्ती स्वतःहून गाडीजवळून जातात. माऱ्यात पिल्लं असलेली चित्त्याची मादी काल कुठल्या वारुळाजवळ होती हे माहीत असेल तर आज शोधायला निम्मा वेळ पुरतो. ही माहिती विकत मिळत नाही. ती तिथेच राहून साठते, आणि तुम्ही जागा बदललीत की पाटी पुन्हा कोरी.

आता यादीला हात घालू. गोरिला सगळ्यात सोपे: युगांडात आणि रवांडात गोरिला पाहायला जाण्यासाठी किमान वय १५ वर्षं आहे. मुलगी नऊची, विषय संपला. शिवाय तो सफारीचा भागच नाही, तो चढ-उताराचा, चिखलाचा, कधी अर्ध्या दिवसाचा ट्रेक आहे. एका गोरिला कुटुंबाजवळ आठच पर्यटक आणि तेही एकच तास. परमिट महिनोन्‌महिने आधी काढावं लागतं. मुलगी मोठी झाली की त्यासाठी स्वतंत्र सहल करा.

मग मारा आणि सेरेंगेटी. नकाशावर ही दोन्ही जंगलं खेटून आहेत, प्राण्यांच्या दृष्टीनं तर एकच आहेत. म्हणून सगळ्यांना वाटतं की सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी. मधली आंतरराष्ट्रीय सीमा विल्डबीस्टला (कळपानं फिरणारा, हरणांच्या जातकुळीतला मोठा प्राणी) लागू नाही, तुम्हाला आहे. जंगलातून पर्यटकांना ओलांडता येईल असा चालू नाका तिथे नाही. पश्चिमेकडे इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो, किंवा विमानांची साखळी जोडावी लागते. दोन्हीत एक दिवस जातो. दोन देशांचं प्रवेशशुल्क आणि दोन देशांचे कागद वेगळेच. पहिल्यांदा जाताना यातलं एकच घ्या.

उरलं मारा किंवा सेरेंगेटी-न्गोरोंगोरो, क्रूगर, आणि धबधबा. यातलं काय हे तुमच्या आवडीपेक्षा पाऊस ठरवतो.

आफ्रिकेतल्या सफारीचं सगळं गणित पाण्याभोवती फिरतं. पाऊस पडला की पाणी सगळीकडे असतं, प्राणी पांगतात, गवत कमरेएवढं होतं, आणि दहा फुटांवरचा बिबट्या दिसत नाही. पाऊस थांबून काही महिने गेले की डबकी आटतात, झाडोरा विरळ होतो, आणि जे काही जिवंत आहे त्याला दिवसातून एकदा तरी नदीवर किंवा पाणवठ्यावर यावंच लागतं. म्हणून ढोबळमानानं जून ते ऑक्टोबर हा पूर्व आणि दक्षिण आफ्रिका दोन्हीकडे पाहण्याचा काळ. पण तुमचे दोन्ही महिने या पट्ट्याच्या कडांवर आहेत, म्हणून थोडं खोलात जावं लागेल.

पूर्व आफ्रिकेत पाऊस दोनदा येतो. मोठा पाऊस मार्चअखेर ते मे, छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. मे महिन्यात माऱ्यात किंवा सेरेंगेटीत गेलात तर हिरवळ अप्रतिम, गर्दी जवळजवळ नाही, दरही उतरलेले. पण रस्ते चिखलाचे, बरेच कॅम्प (जंगलातल्या राहायच्या जागा) बंद, आणि गाडी रुतली तर आईंना घेऊन दोन तास बसून राहायची तयारी हवी. माझ्यासारख्या माणसाला हा मोसम आवडतो. तुमच्या कुटुंबाला पहिल्याच खेपेस मी तो सुचवणार नाही.

दक्षिणेचं चक्र निराळं आहे. क्रूगरच्या भागात पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. मे म्हणजे तिथल्या कोरड्या हिवाळ्याची सुरुवात: दिवस स्वच्छ, दुपार उबदार, पहाट चांगलीच गार. एक उणीव आहे. पावसाळ्यात वाढलेलं गवत मे महिन्यात अजून पुरतं बसलेलं नसतं, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरइतकं उघडं जंगल मिळत नाही. तरी नद्यांकाठचे रस्ते मे महिन्यातही निराश करत नाहीत.

व्हिक्टोरिया धबधब्याचं पाणी झांबेझी नदीच्या वरच्या खोऱ्यातून येतं आणि त्याला खाली पोहोचायला वेळ लागतो. तिथला पाऊस संपत आल्यावर, साधारण मार्च ते मे, धबधबा भरात असतो. सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०० मीटरहून उंच पाण्याची भिंत. इतके तुषार उडतात की समोर उभं राहून कधी कधी पाणीच दिसत नाही, तुम्ही फक्त चिंब होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलट स्थिती असते. झांबियाच्या बाजूला बऱ्याच भागात उघडा खडक राहतो, झिम्बाब्वेच्या बाजूला मात्र पाणी असतं. ज्यांनी फोटोत भरलेला धबधबा पाहिला आहे त्यांना ऑक्टोबरमध्ये तिथे नेणं म्हणजे त्यांचा हिरमोड विकत घेणं.

(जाता जाता, तुमच्या यादीत ओकावांगो नाही, पण पाणी असं उशिरा पोहोचण्याचा कळस तिथे आहे. पाऊस अंगोलाच्या डोंगरांत पडतो आणि पूर बोट्सवानात काही महिन्यांनी, ऐन कोरड्या हंगामात येतो. भोवती सगळं करपलेलं आणि मधे पाणीच पाणी. ती नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटातच जिरते. पुढच्या वेळेसाठी लक्षात असू द्या.)

तर मे महिन्यात रजा मिळाली तर दक्षिणेला जा. जोहान्सबर्गला उतरून एक रात्र. मग ब्लाइड रिव्हर कॅन्यनच्या परिसरात दोन रात्री, ही पत्नीची बाजू: खोल दरी, तिच्या कडेनं जाणारा रस्ता, धबधबे, आणि पाय मोकळे करायला भरपूर जागा. तिथून क्रूगर जवळ आहे, तिथे पाच रात्री. हे उद्यान उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरच्या घरात पसरलेलं आहे, सगळं पाहण्याच्या फंदात पडू नका. दक्षिणेकडच्या लोअर साबी किंवा स्कुकूझा कॅम्पमध्ये तीन रात्री आणि सटारा कॅम्पमध्ये दोन. इथे मुक्काम बदलला तरी सकाळ जात नाही, कारण हलण्याचा रस्ताच जंगलातून आहे. शेवटी विमानानं धबधब्याला दोन रात्री, परतीची एक रात्र जोहान्सबर्गला. क्रूगरमध्ये डांबरी रस्ते आहेत आणि स्वतः गाडी चालवता येते. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०, आणि खरं पाहायचं असेल तर २० च्या वर जाऊच नका. सुरुवातीला दोन-तीन वेळा कॅम्पच्या गाईडबरोबर त्यांच्या उघड्या गाडीतून जा, नजर तयार होते, मग स्वतः फिरा. सरकारी कॅम्पमधल्या खोल्या जवळजवळ वर्षभर आधीपासून भरू लागतात, तेवढं लवकर ठरवा.

ऑक्टोबरचा शेवट असेल तर केनिया. नैरोबीत एक रात्र, अंबोसेलीत तीन, नैवाशा तळ्याकाठी दोन, माऱ्यात चार, परत नैरोबी. अंबोसेलीहून किलिमांजारो दिसतो. ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर खुद्द टांझानियात आहे, पण त्याचं देखणं रूप केनियाच्या बाजूनं दिसतं, बहुधा सूर्योदयाच्या आसपास, कारण नंतर ढग जमतात. तीन रात्री राहिलात तर एक तरी सकाळ निरभ्र मिळण्याची आशा धरता येते. ज्या दलदलींवर तिथले हत्ती जगतात त्या दलदलींचं पाणीही त्याच डोंगरातून जमिनीखालून येतं, त्यामुळे कोरड्या हंगामाच्या शेवटी, जेव्हा भोवताली नुसती धूळ असते, तेव्हा तिथे हत्तींची सर्वांत जास्त दाटी असते. नैवाशाला गाडीतून उतरून चालता येतं. क्रेसेंट आयलंडवर जिराफ आणि झेब्र्यांमधून पायी फिरा, हेल्स गेटमध्ये सायकल मिळते. नऊ वर्षांच्या मुलीला या सहलीतलं काय आवडलं असं नंतर विचाराल तर ती बहुतेक हेच सांगेल. इतके दिवस गाडीत बसून राहणं मुलांना जड जातं, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

माऱ्यात त्या सुमारास मोठे कळप असतील की दक्षिणेला निघून गेलेले असतील, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट पावसामागे फिरतात आणि पाऊस तारीख पाळत नाही. साधारणपणे जुलैअखेर ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या आसपास असतात. नदी ओलांडण्याचं दृश्य, ज्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात, त्याची खात्री देणाऱ्यापासून लांब राहा. कळप काठावर येतो, तासभर धूळ उडवतो, एखादा झेब्रा दचकतो आणि सगळे मागे फिरतात. मी गटातल्या लोकांना आधीच सांगतो की हे दिसलं तर बोनस समजा. त्यातही कळपाच्या उतरण्याच्या वाटेवर गाड्या दाटल्या की प्राणी अडतात. गाईडला मागे थांबायला सांगा, पुढे घुसायचा आग्रह तुम्ही धरू नका. माऱ्यातले सिंह, चित्ते, तरस, हत्ती मात्र बाराही महिने तिथेच असतात, त्यामुळे कळप नसले तरी चार रात्री फुकट जात नाहीत.

आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर विल्डबीस्ट पाहायला फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीच्या न्डुटू भागात जावं. ज्वालामुखीच्या राखेनं घडलेल्या त्या माळावरचं आखूड गवत खनिजांनी भरलेलं आहे, म्हणून माद्या तिथे येऊन वितात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत एकदमच जन्मतात, आणि जन्मल्यावर काही मिनिटांत पायांवर उभी राहतात, कारण चित्ते आणि तरस वाटच पाहत असतात. क्षितिजापर्यंत काहीही आड येत नाही. त्याच खेपेला न्गोरोंगोरोही होतं: सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी २६० चौरस किलोमीटरचं विवर, काळा गेंडा दिसण्याची चांगली शक्यता, आणि गंमत म्हणजे खाली जिराफ नाहीत. पण तुमच्या रजेत फेब्रुवारी नाही, तेव्हा टांझानिया या वेळी सोडा.

इथवरचं एका ओळीत: मे असेल तर क्रूगर, दरी आणि धबधबा, ऑक्टोबर असेल तर अंबोसेली, नैवाशा आणि मारा.

आता पैसे कुठे घालायचे. लोक राहण्याच्या जागेवर खर्च करतात आणि गाडी-गाईडवर वाचवतात. मी उलट करायला सांगतो. केनियात चौघांसाठी स्वतंत्र गाडी घ्या, ती मिनीव्हॅन नसून उघडं छत असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह असू द्या, आणि माऱ्यातले चारही दिवस तोच गाईड मिळेल असं लेखी घ्या. सामायिक गाडीत एकाला पक्षी हवे असतात, दुसऱ्याला फक्त सिंह, तिसऱ्याला परत जाऊन झोपायचं असतं. शिवाय मुलगी कंटाळली की तुम्हीच अवघडून जाता. गाईड पारखायला एक साधा प्रश्न: त्याचं प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं आहे? केनियात व्यावसायिक सफारी गाईडांच्या संघटनेच्या ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात. सिल्व्हर असलेला गाईड मागितला तर चांगला आयोजक आढेवेढे घेत नाही.

पहिल्या सकाळी गाईडला स्पष्ट सांगा की आम्हाला धावपळ नको. नाही तर तो बिचारा तुमच्या समाधानासाठी रेडिओवर जे ऐकू येईल त्यामागे गाडी पळवत राहतो. बिग फाइव्हच्या यादीपायीही हीच पळापळ होते. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकार करायला धोक्याचे प्राणी म्हणून. तुम्ही शिकार करत नाही. चित्ता, जिराफ, रानकुत्रे, पाणघोडा यातलं कुणीच त्या यादीत नाही. यादी घरी ठेवा. सिंहांचा कळप झोपलेला दिसला आणि साडेचार वाजले असतील, तर निघून जाऊ नका. पाऊण-एक तासात पिल्लं उठतात, आयांच्या अंगावर चढतात, आणि बाकीच्या गाड्या तोवर गेलेल्या असतात. गाडी बंद असेल तर आवाजही कामी येतात: इम्पाला हरणाचं फुसकारणं, बबूनचं भुंकणं, एकाच दिशेनं रोखून पाहणारे जिराफ. बिबट्या बहुतेक वेळा असाच सापडतो.

माऱ्यात राहायचं कुठे याबद्दल थोडं. मुख्य अभयारण्याला लागून मसाई जमीनमालकांनी भाड्यानं दिलेल्या कंझर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं, आहेत: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. तिथे कॅम्प कमी, एका प्राण्याजवळ गाड्यांची संख्या मर्यादित, आणि अंधार पडल्यावरची फेरी व गाईडबरोबर चालणं हे दोन्ही शक्य, जे अभयारण्यात करता येत नाही. महाग पडतं. चार रात्रींपैकी दोन तिथे आणि दोन अभयारण्यात, असं केलं तर खर्च थोडा आटोक्यात राहतो, आणि अंतर कमी असल्यानं सकाळही वाया जात नाही.

पत्नीच्या निसर्गाचा विचार वेगळ्या दिवसांत ढकलू नका. अकरा ते साडेतीन तुम्ही मुक्कामीच असणार आहात, रोज. तेव्हा खोलीसमोर काय दिसतं याला महत्त्व आहे. नदीच्या वळणावरचा, पाणवठ्यासमोरचा किंवा डोंगर दिसेल असा कॅम्प निवडा, मग तो आतून साधा असला तरी चालेल. पाणघोड्यांनी भरलेल्या डोहासमोर दुर्बीण घेऊन बसलेली आई आणि मुलगी दुपारच्या फेरीला यायला तयार होत नाहीत, असं मी पाहिलंय.

आईंबद्दल. तब्येत कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर माऱ्याला रस्त्यानं नेऊ नका. नैरोबीहून पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो, तर छोट्या विमानानं पाऊण-एक तास. गाडीत त्यांना चालकामागच्या रांगेत बसवा, सगळ्यात मागची सीट सर्वांत जास्त उसळते. तंबू जेवणाच्या जागेच्या जवळचा मागा. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, अंधार पडल्यावर पहारेकरी सोबत घेऊनच चालावं लागतं, आणि ते अंतर लांब असेल तर आई रात्री तंबूतून बाहेर पडणारच नाहीत. प्रत्येक फेरीला जायलाच हवं असंही नाही. रोज एक फेरी सोडली तर शेवटच्या दिवशीही त्या ताज्या राहतात.

मुलीचं वय बुकिंगच्या आधीच सांगा. कॅम्पागणिक नियम वेगळे असतात, आणि चालण्याच्या सफारीला बहुधा बारा किंवा सोळा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. तिला तिची स्वतःची दुर्बीण द्या, आठ पट मोठं दाखवणारी पुरे. एकाच दुर्बिणीवरून भांडणं होतात, आणि तोवर प्राणी निघून गेलेला असतो.

आरोग्याचं मी डॉक्टर नसल्यानं मोजकंच सांगतो. क्रूगर आणि मारा दोन्ही मलेरियाच्या पट्ट्यात येतात. निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रवास-आरोग्य जाणणाऱ्या डॉक्टरांकडे चौघांनाही न्या, कारण मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा असतो. मलेरियाचा धोका कमी करायचा असेल तर दक्षिण आफ्रिकेतच माडिक्वे, पिलानेसबर्ग आणि आडो ही मलेरियामुक्त जंगलं आहेत, तेव्हा क्रूगरची जागा त्यातल्या एकाला देता येईल. पीतज्वराची लस केनियासाठी महत्त्वाची. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि केनियातून पुढे जाताना किंवा परतताना प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. विम्यात विमानानं रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे वाचून घ्या.

सामान: छोट्या विमानांत माणशी साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत, हातातलं धरून. कडक सुटकेस ते घेत नाहीत. गडद निळे आणि काळे कपडे चावणाऱ्या त्सेत्से माश्यांना ओढतात, म्हणून मातकट रंग बरे. लष्करी छापाचे कपडे मात्र नकोत, झिम्बाब्वेसारख्या देशांत ते घालणं गुन्हा आहे. केनियात प्लास्टिक पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा बॅगेतल्या पिशव्या घरीच काढून ठेवा. आणि लोकरीच्या टोप्या घ्या. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून आलेली माणसं पहाटेच्या उघड्या गाडीत घोंगडीत गुरफटून डोळे तेवढे बाहेर ठेवून बसतात.

कुणाकडून दरपत्रक मागवाल तेव्हा इतकं विचारा. कॅम्प उद्यानाच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर गेटपर्यंत किती मिनिटं? नावात मारा असलेला लॉज गेटपासून तासभर लांब असू शकतो, आणि तो तास रोज सकाळी तुमच्या खात्यातून जातो. प्रवेशशुल्क धरलंय का? गाडीच्या किलोमीटरवर मर्यादा आहे का? डबा घेऊन दिवसभर बाहेर राहता येईल का? प्रत्येकाला खिडकीची जागा आहे का? ज्याची उत्तरं पहिल्याच ईमेलमध्ये सरळ येतात त्याच्याशी पुढे बोला.

तुम्ही दोन गोष्टी कळवा: रजा नक्की कुठल्या महिन्यात पडतेय, आणि आईंना सलग दोन तास खडबडीत रस्ता सोसतो का. ऑक्टोबर असेल आणि रस्ता सोसत नसेल, तर मी नैवाशा गाळून अंबोसेली आणि मारा दोन्ही विमानानं करायला सांगेन. मग जंगलातल्या सकाळींची संख्या सात होईल, आणि मुलीच्या सायकलचं काय करायचं तेवढं बघावं लागेल.